किटलीचा स्वेटर

३ फेब्रुवारी, सोमवार

आईने आज आणखी एक केलं. काय आहे, देव जाणे!

टोपीसारखं दिसतं, पण टोपी नाही. शाळेचा जुना हिरवा स्वेटर उसवून त्या लोकरीचं विणलंय. वर गोंडा. आणि दोन बाजूंना दोन भोकं — एक गोल, एक उभं लांबट. टाका सुटून पडलेली नाहीत; कडेने नीट बांधून घेतलीत. म्हणजे मुद्दाम ठेवलीत. कशासाठी?

बाजारात नेऊन मकावासीला दाखवलं. माझ्या शिलाई मशिनीच्या शेजारी तिचं बटाट्यांचं दुकान. तिने डोक्यावर घालून बघितलं आणि म्हणाली, "बकरीची टोपी गं ही! शिंगं बाहेर काढायला भोकं ठेवलीत." दोघी पोट धरून हसलो. मग एकदम दोघींचंही हसू थांबलं.

आई बोलत असती तर विचारलं असतं. नाताळच्या आधीपासून ती बोलत नाही. डोंगरावरच्या घरातून तिला इथे वोई शहरात माझ्याकडे आणलं तेव्हा थोडं तरी बोलायची — पाणी दे, ऊन फार आहे, असं. मग तेही गेलं. डॉक्टर म्हणाले, आठवणी जात चालल्यात, शब्दही त्यांच्याबरोबर जातात. हात मात्र थांबत नाहीत. दिवसभर विणते. मी शाळांचे गणवेश शिवते, घरात चिंध्या आणि जुने स्वेटर पुष्कळ. ते उसवते आणि विणते.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारचं जेवण तसंच पडलं होतं. उगालीचा मक्याचा गोळा कडक झालेला, वर माशा. हात चालूच. सुई काढून घेतली तर माझ्याकडे अशी बघायला लागली की परत दिली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आता छोट्या छोट्या टोप्या. अंगठ्याएवढ्या नाहीत, मुठीएवढ्या नाहीत, मधल्याच कुठल्या तरी मापाच्या. लाल, पांढऱ्या, एक पिवळी. प्रत्येकीला गोंडा.

"बाहुल्यांच्या असतील," दामा म्हणाली. दामा पलीकडच्या खोलीत राहते. पहिलंच बाळंतपण, पोरगी अजून मान धरत नाही. त्यातली एक टोपी तिने बाळाच्या मुठीवर चढवून बघितली आणि हसली. आई बसल्या जागेवरून उठली आणि टोपी काढून घेतली. रागाने नाही. जसं काही दुसऱ्या कुणाची वस्तू हलवली होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

म्वाकियो मोंबासाहून आला होता. माझा धाकटा भाऊ, बंदरात कारकून. येताना आईला पाव आणि माझ्यासाठी एक व्याख्यान घेऊन येतो.

टेबलावरच्या सगळ्या वस्तू त्याने एका बोटाने ढकलल्या. "ताई, हा कचरा टाकत का नाहीस?"

"तिने केलंय ते."

"तिला कळतं का काय केलंय ते? तुला तरी कळतं?"

खरंच कळत नव्हतं, काय सांगणार!

मग मूळ मुद्द्यावर आला. माचाकोसजवळ नन्सचा आश्रम आहे, म्हाताऱ्यांना ठेवतात. "तू दिवसभर बाजारात. ही एकटी. डोकं गेलंय तिचं, ताई. कबूल कर."

म्हटलं, डोकं गेलेल्या माणसाला भोकाच्या कडेचे टाके असे बांधता येतात? तो म्हणाला, हात लक्षात ठेवतात, माणूस नाही.

आई त्याचा पाव खात होती. पाव आणणारा कोण, ते तिला माहीत नव्हतं. जाताना तो तिचा निरोप घ्यायला वाकला तर ती मागे सरली. बिचारा! मोटारीत बसेपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज एक बाई केली.

कंबरेपासून वर बाई, खाली मोठा गोल घेरदार झगा. झगा आतून पोकळ. पाय नाहीत. डोकं म्हणजे मक्याचं कणीस सोलून उरलेलं बुरकुंड, त्यावर कापड. नाक-डोळे काही काढले नाहीत. हात दोन्ही पुढे.

मला ती आवडली नाही. टेबलावर ठेवली तर सारखी नजर तिकडे जायची. शेवटी खिडकीत ठेवली, तोंड बाहेर करून. तोंड म्हणजे — जिकडे असायला हवं ती बाजू.

१ मार्च, शनिवार

दामाच्या बाळाला ताप. दूध ओढत नाही.

४ मार्च, मंगळवार

सकाळपासूनचं क्रमाने लिहिते.

आईने साप केला होता. माझी जुनी काळी विजार, तिचा एक पाय कापून, त्यात अंगणातली माती ठासून, दोन्ही टोकं शिवून. डोळ्यांना गणवेशाची बटणं. चांगला दोन हात लांब. मी उठायच्या आत तिने तो दारात आडवा टाकला होता, उंबऱ्याला चिकटून.

कवाताकाकू, आमची घरमालकीण, चावी मागायला आली. दार लोटलं आणि तिचा पाय त्याच्यावर पडला. अशी किंचाळली की सगळी चाळ बाहेर आली! आधी हसले सगळे, साप खोटा आहे म्हणून. मग कुणाचं तरी लक्ष खिडकीतल्या बाईकडे गेलं, आणि मग कुणी हसेना.

"मशाई, काय आहे हे?" काकूने विचारलं.

"ठाऊक नाही काकू."

"ठाऊक नाही! तुझ्या घरातलं, तुझ्या आईने केलेलं, आणि तुला ठाऊक नाही?"

"आजारी आहे ती. काहीतरी करत बसते."

"बिनतोंडाची बाई करते. दारात साप टाकते. आणि पलीकडे तान्हं पोर तापाने फणफणतंय." एवढं बोलून ती थांबली. पुढचं बोलायची गरजच नव्हती. दामाने बाळ पदराआड घेतलं आणि आत जाऊन कडी लावली.

कडी लावल्याचा तो आवाज! कालपर्यंत तिच्या पोरीला मी न्हाऊ घालत होते.

आई दारात उभी होती. माणसं गेल्यावर तिने साप परत नीट उंबऱ्याला लावून ठेवला.

५ मार्च, बुधवार

बाजारात दोन गिऱ्हाइकं माप द्यायला येणार होती. आली नाहीत.

मकावासी म्हणाली, "खोटं कशाला सांगू, लोक बोलतात. किनाऱ्याकडे अशा म्हाताऱ्यांचं काय करतात, तुला माहीत आहे." माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. वर्तमानपत्रात येतं — चेटकीण ठरवून मारतात, पिकलेले केस आणि लाल डोळे एवढा पुरावा पुरतो. इथे तर टेबलभर पुरावा मांडलाय.

"जाळून टाक सगळं," ती म्हणाली.

"जाळलं तर म्हणतील लपवायला जाळलं."

"मग सांग तरी काय आहे ते!"

तेच तर.

७ मार्च, शुक्रवार

बाजारातून आले तर अंगणात राख. मधोमध ती बाई, झग्याचा थोडा घेर उरलेला. कुणी खिडकीतून काढून जाळली. कुणी पाहिलं नाही म्हणे. भर दुपारी, पाण्याच्या नळासमोर, आणि कुणी पाहिलं नाही!

आई राखेपाशी उकिडवी बसली होती. रडत नव्हती. कामात काही सांडलं-फुटलं की माणूस कसं घाबरं होऊन इकडेतिकडे बघतं, तशी बघत होती. हात धरून आत आणलं. आत येताच तिने दुसरं बुरकुंड शोधलं आणि नवी बाई करायला बसली.

मी सुई हिसकावून घेतली. मोठ्याने ओरडले तिच्यावर. "पुरे! मारतील तुला, कळतंय का?" तिने मान खाली घातली आणि हात पुढे करून उभी राहिली, सुई परत मागत.

दिली. काय करणार!

८ मार्च, शनिवार

पत्र्यावर दगड पडला. एकच. संध्याकाळी कवाताकाकू येऊन सांगून गेली — आईला इथून हलव. वाईट बोलली नाही. "मीसुद्धा म्हातारी होणार आहे, मशाई. पण माझ्या चाळीत रक्त सांडायला नको."

म्वाकियोला फोन केला. म्हणाला, नन्सना विचारतो. आवाज खाली गेला होता त्याचा.

१० मार्च, सोमवार

सापडलं! एक तरी सापडलं!

हमरस्त्यावरच्या जुन्या लॉजवर टेबलावरचे रुमाल शिवून द्यायचे होते, ते पोचवायला गेले. दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे, त्यात गोऱ्यांच्या वेळच्या वस्तू मांडल्यात. इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. आज वेटर पावतीसाठी साहेबाला शोधायला गेला म्हणून उभी होते. कपाटात चिनी मातीची किटली. आणि किटलीने अंगात घातलेली — बकरीची टोपी! एका भोकातून तोटी बाहेर, दुसऱ्यातून कान. वर गोंडा.

काचेला नाक लावून उभी राहिले. वेटर आला. विचारलं, हे काय? "किटलीचा स्वेटर हो. चहा गार होऊ नये म्हणून. गोरे लोक घालायचे." त्याला त्यात काहीच वाटलं नाही. त्याच्या मागोमाग जाऊन मी दोनदा विचारलं. आमच्याकडे चहा थर्मासमध्ये. किटलीला स्वेटर असतो हे कुणाच्या बापाला ठाऊक!

पण आईला ठाऊक होतं. आणि येताना मटाटूच्या गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात लख्ख झालं. आईने आयुष्यभर कुठे काम केलं? मळ्यावरच्या बंगल्यात. म्वाटाटेच्या पलीकडे तो सायसलचा, म्हणजे घायपाताचा, मळा, तिथला गोरा मॅनेजर, त्याची बायको. आई त्यांची घरकामाची बाई. आम्हाला फाटकाच्या आत पाय ठेवायची मुभा नव्हती. म्हणून मी ते घर आतून कधी पाहिलंच नाही.

१२ मार्च, बुधवार

दुकान बंद ठेवलं. आईला मकावासीच्या बहिणीकडे बसवलं आणि सगळ्या वस्तू पिशवीत भरून म्वाटाटेला गेले. बंगल्याचा माळी म्वादिमेबाबा अजून आहे, लेकीकडे राहतो. डोळ्यांना कमी दिसतं, कान शाबूत.

नाव सांगितलं. "वावुडाची पोर? ये, ये. तुझ्या आईने मला स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने कितीदा चहा दिलाय!"

मी एकेक वस्तू त्याच्या हातात दिली. तो चाचपून बघायचा आणि खदखदून हसायचा.

"ही? ही अंड्याची टोपी."

"अंड्याची?"

"उकडलेल्या अंड्याची. सकाळी टेबलावर प्रत्येकाचं अंडं टोपी घालून बसायचं. एकदा मी वावुडाला म्हटलं, अंड्याला थंडी वाजते आणि आपल्याला वाजत नाही होय? तर ती म्हणाली, हळू बोल, अंडं ऐकेल."

माझी आई असं बोलायची? विनोद करायची? मला हे माहीत नव्हतं.

साप हातात घेतल्यावर तर त्याने तो लगेच दाराशी नेऊन टाकला. "धुळीसाठी! तिकडची लाल धूळ माहीत आहे ना, दाराखालून आत शिरते. प्रत्येक दाराला एक साप. मेमसाहेबांनी डोळेसुद्धा लावायला लावले."

मग अर्धी झालेली बाई. ती बघून — चाचपून — म्हातारा इतका हसला की त्याची लेक बाहेर आली. लाजत लाजत सांगितलं त्याने. संडासातल्या कागदाचं भेंडोळं त्या झग्याखाली ठेवायचं. कागद पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

"त्या घरात उघडं असं काही नव्हतंच, पोरी. रेडिओला झगा, बाटलीला झगा, संडासाच्या कागदालाही झगा. मेमसाहेब मासिकातलं चित्र दाखवायच्या, वावुडा विणायची."

येताना त्याला म्हटलं, बाबा, एक उपकार करा. माझ्याबरोबर वोईला चला.

१५ मार्च, शनिवार

म्वादिमेबाबाला नळाच्या कट्ट्यावर बसवलं. कवाताकाकूला बोलावलं, तिने सगळ्यांना बोलावलं. लॉजवाल्याकडून किटली मागून आणली होती, जपून, तीन पिशव्यांत गुंडाळून. मकावासीने अंडी उकडून आणली.

किटलीला स्वेटर चढवला. बरोब्बर बसला! लोक पुढे सरकले. अंड्यांना टोप्या घातल्या. एकजण म्हणाला, "आता यांना शाळेत पाठव!" थोडं हसू फुटलं. सापाचं सांगितलं, तेव्हा एक बाई म्हणाली, हे खरंच कामाचं आहे, आमच्याकडे धूळ कमी आहे का?

शेवटी ती बाई. म्वादिमेबाबा सांगेना. "बायकांसमोर कसं बोलू!" कवाताकाकू हट्टालाच पेटली. मग त्याने तिच्या कानात सांगितलं.

काकू ओरडलीच — "संडासचा कागद? झग्याखाली?" — कट्ट्यावर बसलीच ती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. "आणि आम्ही तिला जाळली! देवा, आम्ही गोऱ्या बाईच्या संडासाला घाबरलो!" मग सगळी चाळ हसायला लागली. दामाही दारातून हसली. मग रडली. बाळाला काल इस्पितळात नेलं होतं, मलेरिया निघाला, औषध चालू आहे. मी जाऊन बाळाला घेतलं. तिने दिलं.

आई खिडकीतून बघत होती. तिच्या टेबलावरच्या वस्तूंना माणसं हात लावतात म्हणून कासावीस झालेली.

२० मार्च, गुरुवार

बाळाचा ताप उतरला. गिऱ्हाइकं परत येतायत. कवाताकाकूला एक साप हवाय, आणि बटणांचे डोळे हवेतच म्हणे!

म्वाकियोला फोनवर सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "म्हणजे डोकं गेलं नाही तिचं?"

"गेलं नाही. दुसरीकडे गेलंय."

"आश्रमाला नको म्हणून सांगतो, ताई."

३० मार्च, रविवार

जिंकल्यासारखं वाटायला हवं. वाटत नाही.

सगळ्या घरांत खुर्च्यांच्या पाठीवर विणलेले रुमाल असतात — जाळीचे, फुलांचे, मोराचे. मकावासीकडे टीव्हीवरही आहे. आमच्या डोंगरावरच्या घरात कधीच नव्हते. उघड्या लाकडाच्या खुर्च्या. मला लहानपणी त्याची लाज वाटायची. आजी म्हणायची, तुझ्या आईला विणता येत नाही. आजीलाच माहीत नव्हतं!

महिन्यातून एका रविवारी यायची आई. कधी तोही नाही. वेगळ्याच साबणाचा वास यायचा तिला. संध्याकाळ व्हायच्या आत परत जायची. मी अंगाला बिलगले की घाबरून केस सारखे करायची.

आता सगळं विसरली — मला, म्वाकियोला, बाबांना, डोंगराला. विसरली नाही फक्त तो बंगला. त्यातल्या प्रत्येक किटलीचं माप तिच्या बोटांत आहे. माझं तोंड लक्षात नाही. किती वेळा मनाला सांगितलं, आजार आहे, हेवा कसला करतेस. तरी करते. एका मेलेल्या गोऱ्या बाईचा आणि तिच्या अंड्यांचा हेवा करते!

आज तिने नवी बाई पुरी केली. झगा निळा. टेबलावर ठेवली, दोन पावलं मागे सरकली, हात बांधून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. छान झालीय, म्हटलं. बसली नाही.

६ एप्रिल, रविवार

आई बोलली!

चर्चमधून आले. दार उघडलं तर ती पाय धुऊन, लेसोचं चांगलं छापील कापड नेसून उभी. काखेत गाठोडं. टेबलावर सगळं ओळीने मांडलेलं. साप दाराशी.

स्वाहिलीत बोलली. आमच्या घरात आम्ही आपलीच भाषा बोलतो, आईच्या तोंडून स्वाहिली मी कधी ऐकली नव्हती. ती तिची कामावरची भाषा. खाली बघून, हळू, पण शब्द अगदी स्वच्छ.

"मेमसाहेब, सांगितलं होतं तेवढं सगळं झालं. या रविवारी तरी मला सोडा. डोंगरावर माझी पोर आहे, मशाई. फार लहान आहे हो. वाटेवर येऊन बसते."

मी वाटेवर बसायचे. ती यायच्या कितीतरी आधीपासून, आणि ती आली नाही त्या रविवारी अंधार पडेपर्यंत. हे तिला कुणी सांगितलं होतं?

मला आई म्हणता येईना. म्हटलं असतं तर तिला कळलं नसतं.

"जा, वावुडा," मी म्हणाले. "पोर वाट बघत असेल."